जवायासमोर पडून राहत नसतात

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझी आई माझ्या नवऱ्याशी एकदाही सरळ बोललेली नाही. भांडणबिंडण काही नाही, उलट जीव आहे तिचा त्यांच्यावर. पण जवाई म्हणजे जवाई. ते समोर खुर्चीवर बसलेले असले तरी ती मलाच सांगणार, "त्याईले विचार वं, चहा घेतात काय." आणि तेही तिच्याकडे न बघता मला म्हणणार, "घेतो म्हणून सांग." मी आपली मधल्या मध्ये पोस्टमनसारखी. डोक्यावर पदर, नजर खाली, आवाज बारीक, हे तर होतंच. पण सगळ्यात पक्कं काय, तर जवायासमोर पडून राहायचं नाही. अंगात ताप असो की कंबर धरलेली असो, यांच्या चपला ओट्याशी वाजल्या की आई उठून उभी. ते बसले की मग ती बसायची, तीही खाली, भिंतीला पाठ लावून.

माझ्यासाठी मात्र ती कधी उठली नाही. सुट्टीत अकोटला गेले आणि दुपारची वेळ असली, की ती बाजेवर पडलेली असायची. पडल्या पडल्याच म्हणायची, "आली काय वं? गंजात चहा आहे, गरम करून घे. मलेही दे घोटभर." आणि कूस बदलायची. मला तर कधीकधी रागच यायचा. म्हटलं, अमरावतीहून एसटीत उभी राहून आले, आन् या बाईला माझ्यासाठी साधं उठवत नाही! काय बह्याड होते मी.

मागच्या थंडीत ती त्याच ओट्यावरून उतरताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी एकुलती एक. तिथून गाडी करून तिला सरळ माझ्या घरी अमरावतीला आणली. मूर्तिजापूर मागं पडलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती. बडनेरा आलं तेव्हा म्हणाली, "तुह्या घरी किती दिवस राहा लागन मले?"

म्हटलं, "चालता आलं की सोडून देते न अकोटले."

हे मी तिला धीर द्यायला म्हटलं होतं. पुढं मात्र मी ते वाक्य तिच्यावर उगारायला लागले. "चालशील तर जाशील, नाही तर पड इथंच," असं. हे असं बोलायला माझी जीभ कशी रेटली, कोण जाणे.

अकोल्याच्या डॉक्टरांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता लवकर उभी राहिली तर राहिली. अंथरुणाला खिळली तर या वयात मग पाय आखडतात, छातीत कफ भरतो, आणि माणूस पुन्हा उठत नाही. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मी शाळेत शिकवते. पाठ दिला की तो झालाच पाहिजे, ही माझी सवय. आईला मी तशीच धरली.

पण आई काही हालेना. व्यायाम शिकवायला फिजिओथेरपीची एक मुलगी यायची, गोड बोलायची बिचारी. "आजी, टाच दाबा. आजी, गुडघा वाकवा. आजी, आता खाली पाय सोडून बसू." आजी आपली छताकडं बघत, "नाही जमत वं बाई. राहू दे." पलंगाशी नवा कोरा वॉकर उभा, त्यावर हिनं टॉवेल वाळत घातलेला. माझा जीव नुसता जळायचा. एक दिवस तर मी तिला म्हटलं, "तुले चालायचंच नाहीये. तुले आता हेच गोड लागून राहिलं." तिनं डोळे मिटून घेतले.

तिला लेकीच्या घरी राहण्याची किती लाज वाटत होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. आमच्याकडं जुनी माणसं लेकीच्या घरी जेवायलाही मागंपुढं बघतात, आणि ही तर कॉटवर, माझ्या हातानं पाठ पुसून घेत, जवायाच्या घरात. वर घर आमचं असं, की संडास-बाथरूम एकच आणि तेही पुढच्या खोलीतून जाऊन. यांची नोकरी बडनेऱ्याला रेल्वेत, पाळीची. म्हणजे कधी सकाळी घरी, कधी दुपारी. यांचा पाय घरात असला की आईचा आवाज बंद. तिच्या उशाशी मी पाण्याचा गिलास झाकून ठेवायची, तो संध्याकाळी तसाच भरलेला असायचा. मला कारण माहीत होतं. पाणी प्यायलं की जावं लागणार, आणि जायचं तर यांच्यासमोरून, मला धरून, पाय ओढत. मी काय केलं? ओरडले. "पानी पे! मुतखडा होईन मंग मलेच पाहा लागन!"

आणि एक दिवस, मला तिचं मर्म सापडलं.

फिजिओवाली नुकतीच हार मानून गेली होती. मी पलंगाशी उभी राहून बडबडत होते, आई उताणी पडलेली. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली, यांची गाडी आत आली. आणि बाप्पा! मला कळायच्या आत आईनं दोन्ही कोपरं गादीत रोवली, ओठ दाबले, आणि उठून बसली! पदर डोक्यावर! पाय अर्धे पलंगाबाहेर! कपाळाला घाम आलेला, दुखत असणारच, पण बसली. हे दारातून, "आहेत का बऱ्या?" म्हणून पुढं गेले. ते गेल्यावर ती हळूच पुन्हा कलंडली.

मी कंबरेवर हात ठेवून म्हटलं, "म्हंजे येते तुले!"

"त्याईच्यासमोर कशी पडून राहू?" ती म्हणाली.

मला आधी राग आला, आणि मग राग बाजूला राहून एक कल्पना सुचली. त्या कल्पनेचा मला तेव्हा मोठा अभिमान वाटला होता, हे सांगून टाकते. दुसऱ्याच दिवशी मी यांना म्हटलं, "जरा आत जाऊन या."

"काय काम आहे?"

"काम काही नाही. तोंड दाखवून या नुसतं."

ते आत गेले, पंख्याकडं बघितलं, परत आले. आई उठून बसली होती. संध्याकाळी पुन्हा पाठवलं. पुन्हा बसली. मग मी एकेक वस्तूच आत हलवली. यांचं हेल्मेट पुढच्या खोलीत खिळ्याला असायचं, ते आईच्या खोलीत टांगलं. ड्यूटीची बॅग आईच्या कपाटावर. इस्त्रीचे शर्ट तिच्याच कपाटात. बिचाऱ्यांना जाताना हेल्मेटसाठी आत, आल्यावर ठेवायला आत. त्यांना हे पटत नव्हतं. "हे बरं दिसत नाही," म्हणाले. "त्यांना किती अवघड होतं ते दिसते मले." मी म्हटलं, "तुम्हाले अवघडबिवघड दिसते, मले तिचे पाय दिसतात. चालली पायजे की नाही ती?"

आणि लागू पडलं ना! आधी ती बसायची. मग पाय खाली सोडून बसायला लागली. मग कॉट कपाटाच्या इतकी जवळ सरकवली, की यांना शर्ट काढायचा तर आईला उठून बाजूला व्हावंच लागे. ती वॉकर धरून उठायची, दोन पावलं सरकायची, भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. यांनी शर्ट काढून बाहेर जाईपर्यंत उभी. थरथरायची, पण उभी. फिजिओवाली तर चाट पडली. "मॅडम, काय जादू केली?" मी तिला सगळं सांगितलं, हसून हसून सांगितलं. शाळेतही सांगितलं. डबे उघडलेले, पोळीचा घास हातात, आणि सगळ्या बाया हसून लोटपोट. एक म्हणाली, "बाई, पेटंट घे तू याचं!"

आता अजून एक सांगते, जे त्या बायांना सांगितलं नाही. तिचे पाय आखडतील याची मला भीती होती, हे खरंच आहे. पण त्याच्या जोडीला दुसरंही होतं. माझ्या सुट्ट्या संपल्या होत्या. सकाळी तिचं सगळं आवरून पळत शाळेत, मधल्या सुट्टीत पळत घरी. घरात मोठ्यानं हसणं नाही, टीव्ही नाही, नवरा-बायकोला दोन शब्द मोकळे बोलता येत नाहीत. मी थकले होते. ती चालायला लागावी असं मला वाटत होतं, कारण ती गेली पाहिजे असं वाटत होतं. आईबद्दल असं वाटणं म्हणजे काय असतं, ते ज्याला वाटलं त्यालाच माहीत. मी स्वतःशीही ते "तिच्या भल्यासाठी" असंच म्हणत होते.

मग तो रविवार आला. यांना सुट्टी होती. सकाळपासून पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसलेले, मॅच लागलेली. आईनं मला खुणेनं जवळ बोलावलं. "कुठी जाऊन राहिले काय थे?"

"नाही. सुट्टी आहे त्यांची."

थोड्या वेळानं पुन्हा, "बजारात बिजारात नाही जात?"

आणि मी म्हटलं, "आई, घर आहे त्यांचं. कुठं जातील?"

ती का विचारत होती, ते मला कळलं होतं. नाही कळलं असं मी म्हणू शकत नाही. तिला जायचं होतं. मला फक्त एवढं म्हणायचं होतं यांना, "अहो, जरा कोपऱ्यावरून दही आणा." दहा मिनिटांचा प्रश्न होता. पण माझ्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. फिजिओवालीनं आईचा वॉकरशिवाय चालतानाचा व्हिडिओ मागितला होता. म्हटलं, हीच वेळ आहे. जायचंच आहे ना तिला? मग उठेल, आणि चालत येईल बाहेर. यांना चहा घेऊन आत पाठवू, ती उभी राहील, हे तिथंच खुर्चीवर बसतील, मग ती जवायासमोर किती वेळ थांबणार, निघेलच. आणि वॉकर मी आधीच कोपऱ्यात सरकवून ठेवला.

यांच्या हातात चहाचा कप दिला. "आईला नेऊन द्या."

"मी?"

"न्या तर."

मी मागोमाग दारात, मोबाइल वर धरून.

हे आत गेले. आई उठली. काय सांगू, किती सुंदर उठली ती! कोपरं नाही, पलंगाची कड नाही. दोन्ही पाय टेकवले आणि सरळ उभी. वॉकर नाही, भिंत नाही. पदर ओढला. अकोटला ओट्यावर उभी राहायची तशीच उभी. माझ्या तोंडून "शाब्बास!" निघालं, वर्गात निघतं तसं. आणि मला तिच्या पायाशी पाणी दिसलं.

आधी मला वाटलं चहा सांडला. पण चहा यांच्या हातात होता. तिची नऊवारी खालून ओली होत चालली होती आणि फरशीवर वाहत होतं. ती हलली नाही. बसली नाही, ओरडली नाही, पदर सोडला नाही. नजर खाली करून जवायासमोर तशीच उभी राहिली. जवाई उभे आहेत तोवर बसायचं नाही ना.

यांनी कप टेबलावर ठेवला, मान वळवली, आणि माझ्या बाजूनं बाहेर गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. हेल्मेट आतच राहिलं. माझ्या हातात मोबाइल तसाच चालू होता.

फाटक लागलं तेव्हा आई म्हणाली, "गिलास सांडला वं माह्या हातून."

गिलास उशाशी होता. भरलेला, वर झाकण.

"हो," मी म्हटलं. "सांडला."

मी फरशी पुसली. तिचं लुगडं बदललं. ती माझ्या खांद्याला धरून उभी होती, आणि तिचे हात बर्फासारखे गार पडले होते. मला तिच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं. मी म्हटलं, "दुसरा पाय उचल." बस, एवढंच म्हटलं. व्हिडिओ मी मग बाथरूममध्ये जाऊन पुसून टाकला.

हे संध्याकाळी आले. कपाटातले शर्ट, बॅग, हेल्मेट, सगळं मी तोवर पुढच्या खोलीत आणून ठेवलं होतं. त्यांनी हेल्मेट बघितलं आणि म्हणाले, "मले पुन्हा आत पाठवू नको." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

त्यानंतर आईला कुणी उठवावं लागलं नाही. सकाळी मी डबा भरत असले की आतून वॉकरचा ठक ठक आवाज यायचा. थोड्या दिवसांत वॉकरही नाही, भिंतीला हात लावून. फिजिओवाली सांगेल तितकं आणि वर अजून. दुखलं तर दात दाबायची. मी म्हटलं, "आई, हळू. इतकी घाई काऊन करून राहिली?" ती म्हणाली, "जायचं आहे न." मग जिना चढली, उतरली, पुन्हा चढली. आणि एक दिवस पिशवी भरून पलंगावर बसून होती. "मले अकोटले सोडून दे आता. चालता आलं की सोडून देईन म्हणे तू."

मला आधी हायसं वाटलं. मग लाज वाटली. पण आधी हायसं वाटलं.

अकोटला आम्ही उतरलो तर गल्ली जमा झाली. आई काठी टेकत स्वतःच्या पायांनी ओट्यावर चढली. शेजारची काकू माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "लेक असावी तं अशी! मायले अंथरुणातून उभं केलं पोरीनं!" मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "होय न. लय केलं तिनं माह्यासाठी." टोमणा असता तर बरं झालं असतं. तिनं ते मनापासून म्हटलं होतं.

आता ती छान चालते. बाजारात जाते, भाजी घासाघीस करून आणते, संध्याकाळी बायांसोबत देवळापर्यंत जाऊन येते. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकं कमी लोकांना जमतं. माझ्या घरी मात्र येत नाही. "तू ये न. मी कायले येऊ?" हे मला सोडायला गेले तर ती मागल्या दारी काहीतरी निवडत बसलेली असते, आणि चहा काकूच्या हातून पुढं येतो. चहा घेतात काय, हे आता ती मला विचारायला सांगत नाही.

एकदा मी विषय काढला. "आई, त्या दिवशी..."

"कोन्या दिवशी?"

"तो गिलास..."

"गिलासाचं काय घेऊन बसली?" ती म्हणाली, आणि तुरीच्या शेंगा सोलत राहिली. मग मी पण सोलायला लागले. माफी मागायची तर आधी तो गिलास नव्हता हे म्हणावं लागणार, आणि तेवढं म्हणायची माझी हिंमत नाही. तिनं तोच एक पदर अंगावर ओढून घेतला आहे. तो मी कशी ओढू?

मागच्या आठवड्यात शाळेला अचानक सुट्टी मिळाली. कळवलं नाही, सकाळची एसटी पकडली आणि दुपारी अकोटला पोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. आई बाजेवर पडली होती, जेवण झालेलं असावं, डोळ्यावर हात. माझ्या चपला ओट्याशी वाजल्या. मी वाट बघत होते, आता म्हणेल, आली काय वं, गंजात चहा आहे.

तिनं डोळ्यावरचा हात काढला. कोपर टेकवलं. पाय खाली सोडले, बाजेची कड धरली आणि उठून उभी राहिली. तिनं डोक्यावरून पदर घेतला.

"आई, पडून राय न," मी म्हटलं. "मीच आहो."

"राहू दे," ती म्हणाली. "बस तू."

ती उभीच होती, नजर खाली, हात पुढं धरून. तिचा ऑपरेशनचा पाय थरथरताना मला दिसत होता. मी पिशवी तशीच टाकली आणि पटकन खाली बसले. मी बसल्यावर ती बसली.